सासूबाईंची मान

दुपारी चारची वेळ. साल सत्त्याण्णव. उज्जैनच्या माधव नगरातलं शैलेंद्रचं कंप्यूटर सेंटर. मशीनला धूळ बाधते म्हणून खिडक्या बंद, काळे पडदे ओढलेले, चपला बाहेर. आत तापलेल्या तारांचा वास आणि पंख्याची घरघर.

मी एका भुताचा समाचार घ्यायला गेलो होतो. माझी पुतणी तेजस्विनी आणि सौरभ यांनी एकमेकांना पसंत केलं होतं, दोन्ही घरं राजी होती. पण सौरभच्या आजी, माई, यांना पत्रिका कंप्यूटरवरच जुळवून हवी होती. त्यांच्या मते गुरुजी ओळखीच्यांचे गुण वाढवतात. आदल्या दिवशी शैलेंद्रने कंप्यूटरवर पत्रिकेची खिडकी उघडली आणि माईंनी शांतपणे जाहीर केलं की हे लग्न होणार नाही. स्क्रीनवर त्यांच्या दिवंगत सासूबाई आल्या होत्या आणि मान हलवून नाही म्हणत होत्या.

देशाचा बाजार जगाला खुला झाला, आणि आमच्या मुलीचं लग्न मोडणार एक मेलेली म्हातारी! हे मी खपवून घेणार नव्हतो. माईंना आणि तेजस्विनीला समोर बसवलं आणि शैलेंद्रची उलटतपासणी सुरू केली.

त्याने खिडकी उघडली. बारा स्थानं, नऊ ग्रह, गुणांचे तक्ते. शंभरावर चौकटी एकेक करून उमटू लागल्या आणि अख्खी स्क्रीन फडफडली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे...

"बघा. नाहीच म्हणताहेत," माई म्हणाल्या.

शैलेंद्रचं म्हणणं, यात भूतबीत काही नाही. प्रत्येक चौकट आधी स्वतःला पुसते, मग रंगवते. शंभरजणी एकाच वेळी नटायला बसल्यावर दुसरं काय होणार?

"काका, प्रोग्रॅममध्ये एक लाइन टाकून चित्र काढणंच बंद करतो. सगळ्या डब्ब्यांत माल गुपचूप भरतो. मग दुसरी लाइन टाकून बंदी उठवतो. सगळं एका झटक्यात समोर."

"मग त्या जातील ना?" तेजस्विनीने हळूच विचारलं.

"घरातून गेल्या नाहीत, इथून काय जातात," माई म्हणाल्या.

शैलेंद्रने घाईघाईत टाइप केलं. खिडकी उघडली. करडी, रिकामी. एकही चौकट नाही. पंख्याची घरघर लांब गेल्यासारखी वाटली. मग त्या करड्या रंगात हळूहळू... नऊवारीचा काठ. मोठं कुंकू. मी चष्मा पुसला. कुंकू तिथेच होतं.

माईंनी हात जोडले. "सासूबाई... पोरगी चांगली आहे. खामखा अडवू नका."

ती बाई बराच वेळ माईंकडे पाहत राहिली. मग मान एकदा खाली... एकदा वर.

"जिवंतपणी कधी मला हो म्हणाल्या नाहीत," माई डोळे पुसत म्हणाल्या. "चला, मुहूर्त काढा."

त्या दोघी गेल्यावर मी शैलेंद्रला धरलं. फोटो कुठून आणलास? त्याने मला प्रोग्रॅमचं सगळं लिखाण दाखवलं. खाली सरकणारं त्याचं बोट मध्येच थांबलं. दुसरी लाइन टाकायला तो विसरला होता. बंदी उठलीच नव्हती. त्या खिडकीत एक ठिपकासुद्धा उमटणं शक्य नव्हतं.

लग्न थाटात झालं. मान कोणी हलवली, याचा जबाब मी अजून मागतो आहे. शैलेंद्र फक्त चहा मागवतो.