आठवा वाटा

शिकार कंपनीने हट्टा गावच्या डोमाजीला ठेवलं होतं ते बंदूक धरायला नव्हे, तर साहेबांनी बंदूक खाली ठेवल्यावर पुढचं निस्तरायला. सन चौसष्टच्या थंडीत तो बैहरपलीकडच्या जंगल बंगल्यावर निघाला, तेव्हा पिशवीत दोन सुऱ्या, धारेचा दगड, दोर आणि बायकोने, शेवंताबाईने बांधलेल्या भाकरी एवढंच होतं. या खेपेचा साहेब अमेरिकेचा. हॅन्सन नाव, ताडमाड उंच आणि सदा हसरा. मराठीचं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. जीपवाला प्रेमलाल दुभाष्याचं काम करायचा आणि डोमाजीच्या दहा वाक्यांची दोन करून सांगायचा.

पहिल्याच दिवशी साहेबाने मारलेलं चितळ जीपच्या बॉनेटवर बांधून दोन तास उन्हात मिरवलं. वरून ऊन, खालून इंजिन. बंगल्यावर पोचेपर्यंत असा वास सुटला की खानसाम्याचं कुत्रंसुद्धा विचार करून जवळ आलं. डोमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेबाले सांग," तो प्रेमलालला म्हणाला, "जनावर आधी निवलं पाह्यजे. निववा म्हणा. मंग फोटो काढा का वरात काढा."

साहेबाने कान पकडले आणि 'निववा' हा शब्द पाठच केला. चहाचा कप समोर आला तरी म्हणायचा, निववा. सगळा तळ खिदळायचा. पण शिकणारा पक्का होता. कोथळा न फोडता पोट कसं उघडायचं, नाल्याचं पाणी मांसाला का लावायचं नाही, सावलीत टांगून पाल्याने कसं झाकायचं, सगळं तो बाह्या सरसावून शिकला. डोमाजीला तो आवडायला लागला होता.

डोमाजीचा खरा नियम मात्र सुरीचा नव्हता. जखमी जनावर रानात टाकून परतायचं नाही, हा तो नियम, आणि तो त्याला शिकवला होता त्याच्या उस्तादाने, खेमराजकाकाने. दोन वर्षांपूर्वी असाच एक साहेब गवा जखमी करून 'उद्या बघू' म्हणाला आणि जेवून झोपला. काका एकटाच मागावर गेला. तिसऱ्या दिवशी तो सापडला, छाती फुटलेला. गवा सापडलाच नाही. काकाच्या चितेपुढे डोमाजीने शब्द दिला होता की ज्या दिवशी माझ्यामागे जखमी जनावर राहील, त्या दिवशी सुरी नाल्यात टाकीन. दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

चौथ्या दिवशी, दुपार कलताना, साहेबाची गोळी एका मोठ्या चितळाच्या पोटात बसली. ते कोलमडलं, उठलं आणि झाडीत शिरलं. साहेबाने घड्याळ पाहिलं.

"उद्या बघू म्हणतात," प्रेमलाल चाचरत म्हणाला.

मी एकटा जातो, साहेबांना बसू द्या, असं डोमाजी म्हणाला. तेव्हा प्रेमलालने पहिल्यांदाच एकही वाक्य न गाळता काकाची सगळी हकिकत साहेबाला सांगितली. साहेबाचं हसू मावळलं. तो उठला आणि डोमाजीच्या मागे चालू लागला.

रक्ताचे थेंब खडकाळ जागेवर येऊन संपले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं, खाली गारवा आणि कुजक्या पाल्याचा वास. डोमाजी हताश होऊन उभा राहिला. तेवढ्यात पुढे काडी मोडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर एक काडी मोडून पुढे वाकवलेली, आतला पांढरा भाग अजून ओला. मागून येणाऱ्याला माग दाखवायची ही खूण. वीस पावलांवर दुसरी. मग झाडीत कोणीतरी खोकलं, कोरडं, आखूड.

"कोन हाय…?" प्रेमलाल कुजबुजला.

"चाल. आवाज नको करू… तो रागावते."

साल वृक्षाखाली चितळ पडलं होतं. पोट सरळ उघडलेलं, कोथळा अखंड बाजूला ठेवलेला, आणि बरगड्या फाकवायला दोन्ही टोकं तासलेली काडी लावलेली. वाफ अजून निघत होती. दोन्ही टोकं तासायची चिकाटी फक्त काकाकडे होती. डोमाजी एकच तासायचा आणि त्यासाठी बोलणी खायचा. भीती वाटायच्या आधी त्याला रडूच आलं, इतका आनंद झाला. डोमाजीने आपला माणूस पुढे धाडला होता, असं समजून साहेबाने त्याची पाठ थोपटली. प्रेमलालने खुलासा केला नाही.

बंगल्याजवळच्या नाल्याकाठी, दिवेलागणीला वाटे घातले. साहेब, प्रेमलाल, डोमाजी, खानसामा आणि रान उठवणारे तीन हाकेवाले. सात माणसं, पळसाच्या पानांवर सात वाटे. इथली रीत अशी की एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं, म्हणजे पक्षपात नको. सगळी नावं होईपर्यंत त्याने वळायचं नाही. डोमाजी पाठ करून उभा राहिला.

"हा कोनाचा?" प्रेमलालने विचारलं.

"साहेबाचा."

साहेब खूश झाला. सात वेळा विचारणं झालं, सात नावं झाली. डोमाजी वळणार, तोच मागून घोगरा आवाज आला.

"अन् हा कोनाचा…?"

तो आवाज प्रेमलालचा नव्हता. पण रीत ती रीत.

"खेमराजकाकाचा," तो म्हणाला आणि वळला.

सात वाटे जागच्या जागी होते. शेजारी आठवं पान, रिकामं, रक्ताने ओलं. हाकेवाले एकमेकांना चिकटून उभे होते. एकटा साहेब नाल्यापलीकडे पाहत हसत होता. त्याने प्रेमलालला काहीतरी विचारलं.

"काय म्हनते?" डोमाजीने विचारलं.

प्रेमलालचे ओठ पांढरे पडले होते. "म्हणतात… वाटा घेऊन गेला तो म्हातारा कोन? जाताना साहेबाले काही बोलला. अर्थ विचारून राह्यले."

'निववा'पलीकडे मराठीचा एक शब्द न येणाऱ्या साहेबाने आठवून आठवून, अगदी हट्ट्याच्या माणसासारखं म्हणून दाखवलं, "गवा… अजून… चालून राह्यला."

डोमाजीने पुसून पिशवीत ठेवलेली सुरी परत बाहेर काढली. नाल्यापलीकडे एक काडी मोडली. थोड्या वेळाने, जरा पुढे, दुसरी.