सातवा बिल्ला

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. आणि मध्येच "मग काय झालं?" असं विचारायचं नाही. मला सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्याबरोबर डेपोत अठ्ठावीस वर्षं होता. डेपोत कंडक्टर पुष्कळ, पण नुसतं 'कंडक्टर' म्हटलं की तोच. कारण त्याची मोजणी. बस कितीही खचाखच भरलेली असो, हा पुढून मागपर्यंत जायचा, प्रत्येकाच्या खांद्याला दोन बोटं लावायचा आणि शेवटी आकडा सांगायचा. एकाचाही फरक नाही. तोंडाकडे मात्र कुणाच्याच बघायचा नाही. खांदेच मोजायचा. आम्ही त्याला चिडवायचो, "अरे, उद्या तुझी बायको बसमध्ये चढली तर तिलाही विचारशील, कुठं जायचंय बाई?" तो हसायचा. त्याला त्या मोजणीचा भारी अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो घरच्यांना घेऊन डोंगरात फिरायला गेला. निघून चौथा दिवस, डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, शनिवार. त्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन गॅरेजात गेला होता. काम अगदी किरकोळ. व्हॅनच्या मागच्या काचेचा वायपर चालत नव्हता. मेकॅनिक म्हणाला, तासभर लागेल. कंडक्टरनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "राहू दे. मागं कोण बघतंय?"

माणसं सात. गाडी चालवायला मुलगा, त्याच्या शेजारी हा स्वतः. मधल्या सीटवर बायको आणि सून. त्यांच्या मागं नात आणि नातू. आणि सगळ्यात शेवटी, सामानाला टेकून जी घडीची सीट असते, म्हणजे माणूस उठला की आपोआप वर मिटते ती, तिच्यावर ताई.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि ताई पंधराची. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, शाळेत घातलं, नोकरीला लागेपर्यंत डबा करून दिला. त्यात तिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं हे कुणी विचारलं नाही, आणि ह्यानं तर नाहीच नाही. एवढंच म्हणायचा, "ताई, एकदा निवृत्त होऊ दे, तुला बर्फ दाखवतो." तिला बर्फ बघायची फार हौस होती. आता बर्फ दाखवायला आणलं होतं, पण सीट दिली घडीची. गुडघेदुखीचं माणूस. ती म्हणाली, "मला काय, कुठंही चालतं." आणि आपल्याकडे असं म्हणणाऱ्या माणसाला खरंच कुठंही बसवतात.

दुपारी ते राष्ट्रीय उद्यानात शिरले. तिथल्या फाटकावर एक पद्धत होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाला निळा प्लास्टिकचा बिल्ला द्यायचे, नंबर घातलेला. वहीत आकडा लिहायचे. बाहेर पडताना बिल्ले परत पेटीत टाकायचे. आकडा जुळला की सहा वाजता फाटकाला कुलूप. नाही जुळला तर गेटवाला जीप घेऊन शोधायला जायचा. कंडक्टरला ही पद्धत एकदम पसंत पडली. "याला म्हणतात शिस्त," असं तो दोनदा म्हणाला. ताईच्या वाट्याला सातवा बिल्ला आला. तिनं तो शालीच्या टोकाला गाठ मारून बांधला, म्हणजे हरवायला नको.

आत एक तळं होतं, कडेनं गोठलेलं. झाडांखाली बर्फ. ताई लहान पोरीसारखी हरखली. मूठभर बर्फ उचलून ती तो नुसता बघत राहिली. पुढं जंगल होतं, उंचावरचं एक ठिकाण होतं, दुर्बिणीतून बघायची हरणं होती. प्रत्येक ठिकाणी सगळे पोचायचे आणि ताई मागून गुडघा धरत यायची.

पावणेसहाला परत तळ्यापाशी आले तेव्हा धुकं उतरलं होतं. ताई तिथल्या दगडी निवाऱ्यातल्या बाकावर टेकली आणि म्हणाली, "पाच मिनिटं दे रे."

कंडक्टर भडकला. सबंध दिवसाचा साचलेला राग सगळ्यांसमोर काढला.

"दर ठिकाणी तुझ्यासाठीच थांबायचं का? फाटक बंद होईल! तुला आणायलाच नको होतं."

सून खाली बघायला लागली. ताईच्या हातात येताना उचललेला थोडा बर्फ होता, तो तिनं सोडून दिला.

"तुम्ही बसा गाडीत," ती म्हणाली. "येते मी मागून."

तो गेला. वाईट त्याला लगेच वाटलं होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. पण वाईट वाटलं म्हणून मागं फिरणं त्याला कधी जमलं नाही.

पोरं कानात गाणी घालून बसली होती. बायका शाली गुंडाळून डोळे मिटून. पाचेक मिनिटांनी मागचं दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज झाला. कंडक्टर सवयीनं उतरला, बाजूच्या दारातून आत वाकला आणि मोजायला लागला. बायको, एक. सून, दोन. नात, नातू, तीन, चार. मग हात लांब करून शेवटच्या सीटवर. ताईची तपकिरी शाल, डोक्यावरून घेतलेली.

त्यानं दोन बोटं खांद्याला लावली.

शाल ओली होती. ओली म्हणजे निथळत होती.

बसली असेल बर्फात रुसून, त्याला वाटलं. बोलायला गेलं तर रडेल. नकोच.

"पाच. आणि आपण दोघं, सात. चल."

गाडी सुरू झाली. तेवढ्यात मागची काच वाजली.

टक. टक. टक.

"काय वाजलं?" मुलानं विचारलं.

कंडक्टरनं मान वळवली. मागची काच धुक्यानं पांढरी झालेली. काही दिसत नव्हतं.

"सामान असेल. चल तू. सहा वाजत आले."

फाटकाशी त्यानं हात मागं केला. बिल्ले मागून पुढं सरकत आले, ताईचा नातीकडं, नातीचा सुनेकडं, असं करत सगळे त्याच्या तळहातावर. अठ्ठावीस वर्षं अंधारात नाणी ओळखणारा तो अंगठा. त्यानं बिल्ले चाचपले. सहा हलके.

एक जड.

गार. कडा झिजलेली.

अंगठा थांबला. गेटवाला खिडकीतून ओरडला, "आटपा साहेब!" कंडक्टरनं सगळे बिल्ले पेटीत टाकले. सहा पडल्याचा आवाज आलाच नाही. सातव्याचा आला. ठण्.

गेटवाल्यानं वहीत बरोबरची खूण केली.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचायला अर्धा तास लागला. सगळे उतरले. बायकोनं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "ताई, हात द्या."

घडीची सीट मिटलेली होती. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं.

मुलानं ताईला फोन लावला. तो पुढंच वाजला, चार्जिंगला लावलेला. मग नात म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "मागच्या आजीनं मला बिल्ला दिला ना... तिची बोटं खूप गार होती. मला वाटलं, आजी रागावलीय म्हणून बोलत नाही."

कंडक्टर आणि मुलगा तसेच मागं फिरले. सात वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी. कुलूप. गेटवाला म्हातारा माणूस, शेगडीपाशी बसलेला. त्याचं एकच, "सात गेले, सात आले. वहीत आहे. रात्री फाटक उघडायचा हुकूम नाही."

"अहो, माझी बहीण आत आहे!"

"मग सातवा बिल्ला कुणी दिला?"

आयुष्यभर जो आकडा कंडक्टरनं मिरवला, तोच आता त्याच्या अंगावर आला होता. शेवटी त्यानं गेटवाल्याचे पाय धरले. गेटवाला ओशाळला. म्हणाला, "थांबा, पेटी दाखवतो. म्हणजे खात्री पटेल तुमची."

पेटी उघडली. शेवटची गाडी यांचीच, म्हणून यांचे बिल्ले सगळ्यात वर.

सहा निळे.

एक पितळी.

गेटवाल्यानं तो उचलला. दिव्याखाली धरला. बराच वेळ धरला...

"हे बंद होऊन एकोणीस वर्षं झाली," तो म्हणाला. "सगळे परत आले होते. एक सोडून."

"कुणाचा?"

गेटवाल्यानं तळ्याच्या दिशेनं बघितलं. त्यानं किल्ली घेतली.

जीपच्या उजेडात ताई दिसली तेव्हा आठ वाजले होते. निवाऱ्यातल्या बाकाच्या एका टोकाला बसलेली. शेजारी कुणाला बसायला जागा ठेवावी तशी. अंगावर शाल नाही. ओठ निळे. पण होती. जिवंत होती.

कंडक्टरनं आपला कोट तिच्याभोवती गुंडाळला. तिचे हात चोळता चोळता तो मोठ्यानं रडला. जीपमध्ये बसल्यावर गेटवाल्यानं बिल्ला मागितला, तर ती म्हणाली, "शालीला बांधलाय. शाल तिला दिली."

"कुणाला, ताई?"

"तुम्ही गाडीकडं गेलात ना, तेव्हा आली. निथळत होती रे पाण्यानं. म्हणाली, आमच्या घरच्यांची गाडी निघून गेली, मला कुणी मोजलंच नाही. मला दया आली. शाल दिली. म्हटलं, जा, मागच्या सीटवर बस, आमच्याबरोबर चल घरी. मी येते हळूहळू. एक माणूस जास्त झालं तरी काळजी नाही, माझा भाऊ मोजतो. त्याच्या लक्षात येईल, तो विचारेल, मग मी सांगेन." तिनं कोट घट्ट ओढून घेतला. "मी पोचले तर गाडी हलतच होती. मी काच वाजवली. तीनदा."

पोरांनो, इथं त्याला खरं बोलता आलं असतं. जीपमध्ये अंधार होता. ती दमली होती. तिनं माफही केलं असतं.

"ऐकू आलं नाही, ताई," तो म्हणाला.

"हो ना," ताई म्हणाली. "धुकं किती होतं."

दोन दिवस ताईला दवाखान्यात ठेवलं. मग सगळे घरी निघाले. ताई पुढं बसली, कंडक्टर घडीच्या सीटवर. निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, मोजा." ह्यानं मोजलं नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून नावानं हाक मारली. ओ आल्याशिवाय पुढचं नाव घेतलं नाही.

घराला आठ दिवस कुलूप. किल्ली त्याच्याच खिशात. संध्याकाळी साडेसातला त्यानं दार उघडलं. आत बंद घराचा कोंदट वास. त्यानं दिवा लावला. चपला काढायला दाराकडं वळला.

दारामागच्या खुंटीला शाल होती.

तपकिरी. निथळत होती. खाली फरशीवर पाणी.

बायकोनं पोरांना तसंच बाहेर नेलं. ताई मात्र पुढं झाली. शालीचं टोक हातात घेतलं. गाठ सोडली. आत निळा बिल्ला. सात नंबर.

"बघ," ताई म्हणाली. "माझा बिल्ला तिच्याकडं होता, तरी तिनं स्वतःचाच दिला. पोचली बिचारी. तू मोजलंस म्हणून पोचली."

कंडक्टर दाराशीच खाली बसला.

"ताई... काच ऐकली होती मी."

ताईनं बिल्ला परत टोकाला बांधला. सावकाश. गाठ घट्ट केली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू मान वळवली होतीस. आतल्या दिव्यात काचेतून दिसलं मला."

आणि ती आत चहा ठेवायला गेली.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. पुन्हा त्यावर एक शब्द काढला नाही. त्यानंच शेवटी मला सांगितलं, तेही ती गेल्यावर. मी त्याच्या घरी गेलो होतो. मे महिना, दुपारचे दोन, अंगणात पाय ठेववत नव्हता. तारेवर ती शाल वाळत घातलेली. म्हणाला, दर उन्हाळ्यात घालतो. बोलता बोलता तो उठला, तारेपाशी गेला आणि शालीला खांद्याच्या जागी दोन बोटं लावली.

मग मला म्हणाला, "लावून बघ."

मी लावली.

ओली होती.