खरजी नासपतीचा हिवाळा

कार्तिक संपत आला तरी पाचगणीमागच्या पठारावर घरोघरी पंखे फिरत होते, आणि यमुनाअक्का भिलारे परसातल्या नासपतीला घोंगडी गुंडाळत होत्या. सासरची रीतच तशी. फळं देऊन मोकळी झालेली नासपती म्हणजे बाळंतीण. तिला वारं लागू द्यायचं नाही. फळं येईनाशी झाली तरी रीत चुकली नव्हती.

या जातीचं नाव खरजी. साल खरखरीत, गर रवाळ, आणि स्वभाव तिरपागडा. फांदीवर पिकू दिली तर आतून सडायची; कच्चीच काढून नाचणीच्या कोंड्यात पुरली, की मधासारखी व्हायची. पण गेली कित्येक वर्षं तिला फूल नव्हतं, आणि या जातीचं दुसरं झाड जगात उरलं नव्हतं. अक्कांचा जीव तिच्यात अडकला होता.

वाईचे वनस्पतिशास्त्रज्ञ अन्वर मुजावर आले ते एक पातळ पट्टी घेऊन. तिला ते शीतवाचक म्हणत. प्रत्येक हिवाळ्याची खूण झाडाच्या पेशी जपून ठेवतात. पट्टी ती वाचायची आणि तिला जोडलेल्या हातमोज्यातून माणसाला ती थंडी जाणवायची.

पट्टी खोडाला लागली. अक्कांनी हातमोजा चढवला. "काहीच लागत नाही हो."

"अलीकडचे हिवाळे हिच्यापर्यंत पोचलेच नाहीत, अक्का. थंडी आधीच उणी, त्यात ही घोंगडी. थंडीशिवाय नासपती झोपत नाही, आणि झोपल्याशिवाय फुलत नाही."

अक्कांनी घोंगडीकडे पाहिलं. "म्हंजे मीच जागं ठेवलं हिला?"

अन्वरभाईंनी पट्टी आणखी जुन्या खुणांवर नेली. तळव्यावर हळूहळू गारवा उतरू लागला. अक्का नवी नवरी असतानाचं दंव, सासूच्या काळचं धुकं, मग बोटीतला खारा गारठा, आणि सगळ्याच्या तळाशी परमुलखातला, महिनोन्‌महिने न हलणारा बर्फ. अक्कांना डोळे उघडावेसे वाटेनात.

"इतकं जुनं हिला कसं आठवतं?"

"बी एकदाच रुजलं, त्या बर्फाच्या मुलखात. पुढं त्याच झाडाची काडी कलम होत गेली, या खुंटावरून त्या खुंटावर. तेव्हापासून ही एकटीच जगतेय."

यातला एखादा हिवाळा याच पट्टीनं झाडाला परत देता येत होता. झाड फसून झोपी जाई. "पण एकच," अन्वरभाई म्हणाले. "ती थकलीय. इथला दिला तर जागी होईलच असं नाही. बर्फाचा दिला तर नक्की फुलेल, पण तिथल्यासारखी फळेल. ही खरखरीत साल, हा रवा इथल्या वाऱ्या-धुक्यानं दिलाय. तो जाईल."

अक्कांनी आपल्याच हातांनी घोंगडी सोडली. "बर्फाचाच द्या. शिर सलामत तर पगडी पचास."

भरउन्हात पानं गळू लागली. पुढचे काही आठवडे अक्का परसात दबक्या पावलांनी वावरल्या, भांडीसुद्धा वाजू दिली नाहीत. चैत्रात खरजी पांढरीशुभ्र फुलली, तेव्हा त्या रडल्या आणि रडतारडताच हसल्या.

भादव्यात फळं उतरवली. गुळगुळीत, पिवळीधमक. कोंड्यातून काढलेली पहिली अक्कांनी चाखली. रस कोपरापर्यंत ओघळला. गोड होती, पण ओळखीची नव्हती.

"चुकलं का आपलं?" अन्वरभाईंनी विचारलं.

"छे. मी कोकणातून आले तेव्हा या घराला परकीच होते. राहता राहता इथली झाले." अक्कांनी सालीवरून अंगठा फिरवला. "पण मला इथलं करायला इथलं धुकं होतं, हाडं गोठवणारी थंडी होती. आता हिला इथलं कोण करील, अन्वरभाई?"