ठशात उमटलेलं नाव

बियान काका धूपपात्र घेऊन आले तेव्हा दुपार कलली होती. चीनमधल्या च्वानचौच्या एका अरुंद गल्लीत लुओ युनझी जुन्या भांड्यांवरच्या अक्षरांचे कागदावर ठसे काढून द्यायची. काकांचं पात्र काशाचं, तीन पायांचं. घराण्यात सात पिढ्या नांदलेलं.

"मंदिराला देऊन टाकतोय," काका म्हणाले. "त्याआधी एक ठसा काढून दे, पोरी. तेवढीच आठवण."

"घरात का नको, काका?"

"कुणासाठी ठेवू? सुनेला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा गर्भ पडला. आता डॉक्टरही आशा ठेवू नका म्हणतात."

 युनझीनं पात्र पालथं केलं. बुडावर चार चिनी अक्षरं कोरलेली होती, अर्थ : 'लेकरांच्या लेकरांनी जपावं.' तिनं ओला, पातळ कागद चिकटवला, ब्रशनं हलके ठोकला, शाईत भिजवलेली कापडाची पुरचुंडी टेकवत गेली. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. एक, दोन, तीन, चार.

मग पाचवं. सहावं.

तिनं कागद सोलून बुडावर बोट फिरवलं. त्या दोन जादा अक्षरांच्या जागी धातू गुळगुळीत होता. तिनं दुसरा कागद लावला. पुन्हा तेच. दुकानात धूप पेटलेला नव्हता, तरी चंदनाचा वास हळूहळू दाटत होता.

"काका... निएन-आन कोण?"

काकांच्या हातातला चहाचा पेला थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. इथे ठशात उमटलंय."

काकांनी कागद जवळ ओढला. "नातवंड झालं तर ठेवायचं नाव. मनातच ठरवलं होतं. कुणापाशी बोललो नाही..."

"मी नाही लिहिलं, काका."

"ठाऊक आहे. हे अक्षराचं वळण माझ्या आईचं. तिला जाऊन तीस वर्षं झाली."

त्यांनी पात्र कापडात गुंडाळलं आणि मंदिराकडे न जाता घरी नेलं.

पुढच्या हिवाळ्यात सुनेला मुलगी झाली. महिना भरल्याच्या जेवणाला युनझी गेली. शुभ म्हणून लाल रंगवलेली अंडी वाटली जात होती, काका हसत सगळ्यांना वाढत होते. सुनेनं निएन-आनला युनझीच्या मांडीवर दिलं.

"कशी घट्ट मूठ धरलीय बघा, ताई!"

युनझीनं बोट लावताच मूठ उघडली. इवल्या तळहातावर चिमूटभर राख होती. करडी, अजून कोमट, चंदनाच्या वासाची.

तिनं गुपचूप खिशातल्या रुमालानं ती पुसली. बाळानं मूठ मिटली, तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा उघडली.

राख होतीच.