पिवळी बोटं

"काय गो गोदे, तुजी बोटं पिवळी कशी?"

भागूबाईने पुतणीचं मनगट घट्ट धरलं आणि मांडवात हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका गाणं सोडून जवळ सरकल्या. नवरीच्या हळदीला विधवेचा हात लागला तर नवरीचं कुंकू टिकत नाही, ही बुरोंडीत सगळ्यांचीच पक्की समजूत! जो तो आता गोदाच्या बोटांकडे बघत होता.

गोदाने हात पदरात ओढला. आई गेल्यापासून धाकट्या बहिणीला, राहीला, तिनेच वाढवलं होतं, नवरा दर्यात बुडाल्यावर पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, आलेलं चांगलं स्थळही तिने या पोरीपायी नाकारलं होतं... आणि आज तिच्याच लग्नात आपण अपशकुनी! पण खरं सांगावं तरी कसं? हळद कांडून झाल्यावर नवरीने घराबाहेर पडू नये, तरी काल राही चोरून खडकावर कालवं काढायला गेली आणि शिंपल्याच्या धारेने पायाचा तळवा चिरून घेऊन आली. रक्त थांबवायला गोदाने चुलीपाशी होती ती स्वयंपाकाची हळद जखमेत दाबली होती. हळद कांडल्यावर नवरीचं रक्त सांडणं म्हणजे मोठा अपशकुन; ते कळलं, तर नवऱ्याकडचं हर्णैचं वऱ्हाड होडीतून न उतरताच माघारी फिरलं असतं.

"लावला मी हात," गोदा म्हणाली. "दुसरी हळद कांडा. लगीन होईस्तवर मी मावशीकडे ऱ्हाते."

"मला ठाऊकच होतं," भागूबाई म्हणाली. "भैनीचं सुख तुला बघवत नाय."

हे शब्द मात्र जिव्हारी लागले... तरी गोदा मांडवाबाहेर जायला वळली. बाप रावजी खांबाला टेकून जमिनीकडे बघत राहिला. त्याने तिला अडवलं नाही.

पाटावरची राही उठली ती लंगडतच.

"काकी, आक्का हळदीला शिवलेली नाय. ह्ये बघ." तिने चिंधी सोडून पिवळा-तांबडा तळवा पुढे केला. "तिला आवडतात म्हणून कालवं काढायला गेलेले. उद्यापासून तिला कोन आणून देनार?"

बायका एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. ही गोष्ट हर्णैला कोण पोचवणार? भागूबाई खाली बसली आणि तिने राहीचा पाय मांडीवर घेतला.

"कुनी कायपन बघितलं नाय," ती बायकांना म्हणाली. "समजलं?"

गोदा मांडवाच्या तोंडाशी उभी होती.

"उभी काय ऱ्हायलीस?" भागूबाई तिला म्हणाली. "माज्या हाताने हिला दुखंल. हळद तूच लाव."

गोदा पुढे येईना. तेव्हा भागूबाई उठली आणि नवरीच्या हळदीची वाटी तिने स्वतः गोदाच्या हातात ठेवली.