सातवं पान

विद्यापीठातल्या आमच्या भौतिकशास्त्र विभागात सगळ्यांना मिळून एकच प्रिंटर होता. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली. एका सोमवारी माझ्या गठ्ठ्यात कुणाची तरी पानं आली, आणि मागोमाग ती शोधत एक विस्कटलेल्या केसांचा पाहुणा.

"माझं सातवं पान तुमच्याकडे आहे."

"वाचून देते."

"वाचा की... पण हसू नका."

तो आठवड्यापुरता आला होता. शुक्रवारी त्याचं व्याख्यान. त्यावर इथली नोकरी ठरणार होती. रोज आम्ही फळ्यापाशी भांडायचो.

"एखादी गोष्ट लांबून पाहिली की बारकावे पुसट होतात," तो सांगायचा. "आणखी लांबून, आणखी पुसट. ही सगळी चित्रं एकामागे एक लावा... सपाट जगाला खोली मिळते. जितकं लांबून पाहाल, तितकं आत जाल."

"मग तुम्हाला लांबूनच पाहते."

तो लाजला – चक्क लाजला!

शुक्रवारी दोन वाजता माझी पेन्सिल अजून माझ्याकडेच राहिलेल्या त्या सातव्या पानावर थांबली. आत जाताना बारकावे कमी व्हायला हवेत. त्याच्या समीकरणात ते वाढत होते. एक उणे चिन्ह निसटलं होतं. ते घातलं की उत्तर बरोबर यायचं – पण जुनंच, सगळ्यांना ठाऊक असलेलं. निवड समितीतल्या कुणाच्या लक्षात येईलच असं नव्हतं. मी गप्प बसले, तर तो इथेच राहणार होता...

अडीचला पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तीनदा तपासलं.

"आत्ता सांगताय?"

"आत्ताच दिसलं."

तीनला त्याने स्वतःच फळ्यावर आपली चूक दाखवली. समितीने आभार मानले. नोकरी दिली नाही.

संध्याकाळी तो बॅग घेऊन बसथांब्यावर उभा होता. मी धापा टाकत पोचले.

"दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं," तो म्हणाला.

"मलाही गप्पच बसायचं होतं."

"का?"

"तुम्ही राहिला असता – म्हणून."

तेवढ्यात बस आली. दारातून कंडक्टर ओरडला, "येताय का, साहेब?"

"पुढच्या गाडीने," तो म्हणाला... माझ्याकडे बघत.

पुढची गाडी दीड तासाने होती. तीही आम्ही सोडली. महिन्याभरात त्याने माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या शाळेत शिकवायची नोकरी धरली – मला न विचारताच.