पुसलेलं धुकं

तुम्ही कधी भर उन्हात धुकं पाहिलंय का? मी पाहिलंय. माझ्या माहेरी, भिलवडीला.

घट बसायच्या आधी दरवर्षी मी उंब्रजहून आईला धुणं करू लागायला जाते. त्या दिवसांत घरात साधी चिंधीसुद्धा न धुतलेली ठेवायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. यंदाही गोधड्या कृष्णेवर धुऊन आणल्या, अंगणात वाळत घातल्या. सोप्यात भिंतीवर उत्कर्षानं काढलेलं चित्र तेवढं पुसायचं राहिलं होतं.

उत्कर्षा माझी धाकटी बहीण. सांगलीत चित्रकला शिकलेली. गेल्या उन्हाळ्यात तापानं गेली. तिच्या चित्रांत झाड नसायचं, घर नसायचं. नदीवरची पहाट म्हणून नुसते करडे, निळसर रंग एकमेकांत विरघळलेले.

आई चिडवायची, "अगं, एखादं माणूस तरी काढ की! ह्यो काय, चुलीचा धूर?"

ती हसायची. "हायत की माणसं. धुक्यात हायत, म्हणून दिसत न्हाईत."

बाकीची चित्रं कुणी कुणी नेली. आमच्याकडे हे एकच उरलं होतं.

"विजू, पावसाळ्याची बुरशी धरलीया बग ह्याला," म्हणत आईनं ओलं फडकं उचललं.

"राहू दे आई, रंग जाईल."

"कडंकडंनं पुसती गं."

फडकं फिरलं आणि कडेचा करडा रंग निघून आला. आईनं फडकं उलटून पाहिलं. ते पांढरंस्वच्छ होतं. सोप्यात गारवा शिरला, शेवाळाचा वास आला. मी दाराबाहेर पाहिलं. डोक्यावर ऊन होतं, तरी अंगणातल्या गोधड्या दिसेनाशा झाल्या होत्या.

चित्रात पुसल्या जागी घाटाची पायरी उमटली. पायरीवर एक पाठमोरी मुलगी. पाठीवर वेणी.

"उत्कर्षा..." आईचा आवाज चिरकला. "तीच हाय गं... आणि जरा पुसती. त्वांड दिसंल..."

"आई, नको... हात काढ."

मी तिचा दंड धरला. तिनं झटकला.

"लेकीचं त्वांड बगू दे की गं मला..."

तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं ती हळुवार पुसत होती. त्या मुलीनं मान वळवली. गाल दिसला... आईनं घाईनं पुन्हा फडकं फिरवलं.

मग तिथं काहीच राहिलं नाही. चित्राचं नुसतं कोरं कापड.

अंगण उजळलं. वाळत आलेल्या गोधड्यांतून पुन्हा पाणी ठिबकत होतं. आई फडकं छातीशी धरून खाली बसली.

"म्याच पुसलं गं तिला... बगायचं म्हणून पुसलं..."

त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं, "विजू, उत्कर्षा दिसायला कशी हुती गं?" सांगायला मी तोंड उघडलं आणि मला आठवेना. मोबाईलमधले फोटो काढले. माझ्या लेकीच्या लग्नातले, गणपतीतले. सगळी माणसं होती. माझ्या शेजारी, जिथं ती उभी असायची, तिथं करडं धुकं होतं.